तबलीच्या फळीसाठी डायल गेज: सात महिन्यांचा अनुभव

मिरजेत सतारीच्या भोपळ्यावर बसणाऱ्या लाकडी तबलीसाठी फळी निवडायची म्हणजे ती कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवायची. अब्बांना तेवढं पुरतं. पण २०२४ साली इथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक लाकडाबद्दल खोदून विचारतं. म्हणून मार्चमध्ये फळी किती वाकते ते ०.०१ मिमीपर्यंत काट्यावर दाखवणारा डायल गेज आणि त्याचा स्टँड घेतला. आजवर तीसेक फळ्या मोजल्या.

दोन गोल सळ्या ३५० मिमी अंतरावर ठेवायच्या, वर तुनाच्या लाकडाची १०० मिमी रुंद, ८ मिमी जाड फळी आणि मधोमध एक किलोचं वजन. बरी फळी पाव मिमीच्या आसपास वाकते. फळी जरा पिळलेली असली की डुगडुगते आणि काटा वाट्टेल ते सांगतो. आधी २०० ग्रॅम ठेवून ती बसू द्यायची, तिथं शून्य करायचं, मग किलो ठेवायचा. हे कळायला महिना गेला.

खरा घोळ जाडीचा, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. एक फळी अफलातून ताठ निघाली. मी नाचत अब्बांकडे गेलो. त्यांनी वाजवली, म्हणाले, "नेहमीचीच आहे रे." जाडी मोजायचा कॅलिपर कडेला लावला होता, तिथं ८, मध्ये ८.४! पाच टक्के जाडीनं सोळा टक्के खोटा ताठपणा दाखवला. आता पाच ठिकाणी मोजतो.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. मार्चमध्ये ०.२४ वाकलेली फळी जुलैत ०.२६ वाकली. म्हणून फळीवर पेन्सिलीनं तारीखही लिहितो. शिवाय वजनकाटा हवाच: जड फळी ताठ असण्यात नवल नाही, हलकी असून ताठ ती आपल्या कामाची.

तक्रारी दोन. गेजच्या दांडीत भुसा अडकतो, मग काटा शून्यावर परतत नाही. आणि स्टँडची चुंबकाची बैठक लाकडी टेबलावर काय धरणार? पत्रा ठोकावा लागला.

तबली कोरून तिला फुगवटा दिला की ही मांडणी निकामी. तिथून पुढं पेरच. अब्बांची आणि गेजची निवड चार फळ्यांवर जुळली नाही. त्या माळ्यावर वेगळ्या ठेवल्यात, दिवाळीनंतर कोरायला घेईन.