स्पोर्ट की टूरिंग टायर: झेड900 वर दोन्ही जोड्या वापरल्यानंतर

गाडी कावासाकी झेड900. 948 सीसी, 125 पीएस, वजन 212 किलो. टायरचं माप पुढे 120/70 झेडआर17, मागे 180/55 झेडआर17. आधी स्पोर्ट टायरची जोडी होती, नोव्हेंबर ते मे, 6,200 किमी. नंतर स्पोर्ट-टूरिंग जोडी, जून ते फेब्रुवारी, 9,400 किमी, आणि ती अजून गाडीवरच आहे. रस्ते तेच: पुण्यातलं रोजचं ट्रॅफिक, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी आणि कोल्हापूरच्या बाजूचा हायवे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मुंबईला जायचं तर जुन्या घाटानेच.

तुलना कंपन्यांची नाही, वर्गांची आहे. स्पोर्ट म्हणजे पिरेलीचा डियाब्लो रोसो 4, मिशलिनचा पॉवर 5, मेट्झलरचा स्पोर्टेक एम9 आरआर या जातीचे टायर. स्पोर्ट-टूरिंग म्हणजे एंजल जीटी 2, रोड 6, रोडटेक 01. ‘टूरिंग’ म्हटलं की कोणाला गोल्डविंगसारख्या अवजड प्रवासी बाइकचे जाडजूड टायर आठवतात. ते वेगळं प्रकरण. इथे पुढे नुसतं टूरिंग म्हटलं तरी स्पोर्ट-टूरिंगच समजा.

पहिले हजार किलोमीटर बघून टायर निवडू नका. नवे असताना दोन्ही उत्तम वाटतात, आणि कोरड्या घाटात माणसाची हिंमत संपते तरी टूरिंगची ग्रिप उरलेली असते. फरक कळतो तो टायर निम्मा झिजल्यावर.

मागच्या टायरच्या मधल्या खाचांची खोली गेजने मोजली. स्पोर्ट: नवा 5.8 मिमी, 3,000 किमीला 4.1, काढला तेव्हा 1.9. टूरिंग: नवा 7.0, 9,400 ला 3.1. पण आकड्यांपेक्षा आकार महत्त्वाचा. साडेतीन हजाराच्या पुढे स्पोर्ट टायर मधून चपटा झाला. कारण सरळ आहे: हायवेवर तासन् तास तोच मधला पट्टा घासतो, सिमेंटच्या रस्त्यावर जास्तच, आणि या वर्गात मधलं कंपाऊंडही, म्हणजे रबराचं मिश्रण, तसं मऊच. चपट्या भागाच्या कडेला एक धार तयार होते. मग वळणात गाडी आधी झोपायला नको म्हणते आणि ती धार ओलांडली की एकदम पडल्यासारखी आत जाते. आंबेनळीच्या सलग हेअरपिनमध्ये हे प्रत्येक वळणाला जाणवतं. म्हणजे ज्या चपळाईसाठी पैसे मोजले ती निम्म्या आयुष्यातच गेली. टूरिंगमध्ये मधला पट्टा कडक, कडा मऊ, त्यामुळे 8,000 ला सुद्धा वळणाची सुरुवात बरीचशी सारखी राहिली. थोडा चपटेपणा आला, पण धार नाही.

उजवी कड डावीपेक्षा आधी झिजली, दोन्ही जोड्यांत. घाबरू नका. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजवं वळण बाहेरच्या लांब कमानीचं पडतं आणि तिथे वेगही जास्त असतो.

आता पाऊस. स्पोर्टला फक्त वळवाच्या सरी मिळाल्या, तेव्हा तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मान्य. तरी रचना बघा: पॉवर 5 सारख्या टायरच्या पृष्ठभागात खाचा जेमतेम 11 टक्के असतात आणि कडेचा बराच भाग कोराच. ओल्या रस्त्यावर ग्रिप मुख्यतः सिलिकायुक्त कंपाऊंड देतं, आजच्या स्पोर्ट टायरमध्येही ते असतं, त्यामुळे नुसत्या ओलसर डांबरावर स्पोर्ट वाईट नाही. अडचण साचलेल्या पाण्याची आहे, आणि थंडपणाची. सतत पावसात टायर गरम होतच नाही. टूरिंगचं कंपाऊंड कोमट असतानाच धरतं, स्पोर्टला थोडी ऊब हवी असते. जुलैत ताम्हिणीत डोंगरावरचं पाणी रस्ता ओलांडून वाहतं, कडेला शेवाळ आणि लाल माती असते. तिथे टूरिंगवर ब्रेक हळूहळू दाबत नेला तर पुढचं चाक काय करतंय ते हँडलवर कळत राहतं. पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि पहिल्या पावसाचं तेलकट पाणी यांवर मात्र कुठल्याच टायरचा भरवसा धरू नका.

स्पोर्ट कुठे खरोखर पुढे आहे तेही सांगायला हवं. ब्रेक धरूनच वळणात शिरायचं असेल तर त्याचा पुढचा टायर जास्त बोलतो, गाडी उभी राहायला बघत नाही. डावीकडून उजवीकडे पलटताना हँडलला कमी जोर लागतो, कारण त्याचा माथा जास्त टोकदार असतो. ट्रॅक डेला जाणार असाल तर वाद नाही, स्पोर्टच घ्या. टूरिंग तिथे लवकर जास्त तापतो आणि मागचं चाक घसरायला लागतं.

हवेबद्दल जरा सविस्तर, कारण ‘टायर वाईट निघाला’ अशा तक्रारींत बऱ्याचदा दोष हवेचा असतो. या गाडीला थंड टायरमध्ये पुढे 36, मागे 42 पीएसआय. थंड म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, पंपापर्यंत चालवत नेलेली नाही. हवेचं तापमान 10 अंशांनी बदललं की दाब दीड-दोन पीएसआयने बदलतो. एप्रिलच्या 38 अंशांत भरलेली हवा जानेवारीतल्या 10 अंशांच्या पहाटे साधारण पाचने कमी दाखवते. ते पंक्चर नसतं, तेव्हा ऋतू बदलला की हवा पुन्हा लावा. स्वतःचा गेज घ्या. पंपावरच्या दोन गेजचं आपसात पटेलच असं नाही. ट्रॅकवर चालणारी 30-32 ची हवा रस्त्यावर भरू नका. पुढच्या टायरमध्ये हवा कमी राहिली की खाचांमधल्या रबराच्या ब्लॉकच्या एका कडेला पायऱ्या पडतात आणि हँडल गुणगुणायला लागतं. हवा बरोबर असूनही पायऱ्या पडल्या तर पुढच्या फोर्कचं डँपिंग, म्हणजे उसळी जिरवणं, तपासा.

मागे 180 ऐवजी जास्त रुंद 190/55 बसवायचा मोह अनेकांना होतो, दिसतो भारी. रिम 5.5 इंचाची आहे. तिच्यावर 190 आवळला जातो, माथा उंच होतो आणि टायरची उंची साडेपाच मिलिमीटरने वाढते. पुढच्या-मागच्या चाकाच्या फिरण्याचं गुणोत्तर बिघडतं, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, त्याच गुणोत्तरावर चालतो. 180 च ठेवा. बाजूवर 73 डब्ल्यू लिहिलेलं हवं: 365 किलो भार, ताशी 270 किमी वेग. पुढे स्पोर्ट आणि मागे टूरिंग अशी मिश्र जोडी त्या कंपनीने स्वतः मान्य केली असेल तरच.

बसवताना रिमला प्लास्टिकचं संरक्षण असलेलं मशीन पाहिजे. फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, टायरचा हलका भाग दाखवणारा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हलगत आणा, रबरी व्हॉल्व्ह असेल तर तोही नवा टाका. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नाही दिसली तर बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, नीट बसलेली नाही. मग बॅलन्सिंग करूनही हादरा जाणार नाही. पहिले 150 किमी सौम्य चालवा, झुकवणं हळूहळू वाढवा.

पंक्चर: भोकात बाहेरून खुपसायची रबरी दोरी फक्त मधल्या भागात आणि तीही घरी पोचण्यापुरती. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात जाणाऱ्या दांड्याचा पॅच. झिजलेल्या स्पोर्ट टायरमध्ये दोरीला धरायला रबरच कमी उरतं, ती लवकर सुटते. बाजूच्या भिंतीत खिळा गेला असेल तर टायर बाद.

खर्चाचं गणित लहान आहे. दोन्ही वर्गांच्या किमती जवळपास सारख्या, आणि याच गतीने झिजला तर टूरिंग साधारण बारा हजार किमी जाईल, म्हणून दर किलोमीटरला स्पोर्ट साधारण दुप्पट महाग पडतो. वर्षाला तीन हजार किमी, तेही कोरड्या रविवारी सकाळी, एवढंच चालवत असाल तर हा फरक सोडून द्या आणि स्पोर्ट घ्या. नाहीतर टूरिंगचं रबर झिजायच्या आधी म्हातारं होईल. रोज ऑफिस, पावसाळा, मागे कोणी बसणारं, सामान, यांतलं काहीही असेल तर टूरिंग.

दोन्हींपैकी काहीही घ्या, दुकानातच टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. जून 2020 मध्ये आयात टायर निर्बंधित यादीत गेले, म्हणजे आणायला परवाना लागू लागला, तेव्हापासून ही मापं कधी मिळतात, कधी गायब होतात, आणि अशा वेळी दुकानातला जुना साठा सवलतीत पुढे येतो. पुढच्या आणि मागच्या टायरची तारीख वेगवेगळी वाचा. जोडी म्हणून दिलेल्या दोन टायरांत दोन वर्षांचं अंतर असू शकतं.