ओल्या बोटाने चालेल का? सायकल कॉम्प्युटर आणि हलकं जॅकेट निवडताना

चढ संपायला दोन वळणं उरली होती आणि पाऊस आला. हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरच्या (वेग, अंतर आणि नकाशा दाखवणारं छोटं यंत्र) टचस्क्रीनवर थेंब पडायला लागले आणि त्याला वाटलं, मीच बोट लावतोय. नकाशा गेला, सेटिंगचं पान आलं, मग आणखी काहीतरी भलतंच. बोट जर्सीला पुसून पुन्हा दाबलं, तर जर्सीही ओलीच. शेवटी नकाशाचा नाद सोडून खिशातलं जॅकेट काढलं, तर त्याची चेन लागेना (जॅकेटची चेन, सायकलची नव्हे). ओढायची पट्टी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी आणि माझे हातमोजे भिजून फुगलेले. कागदावर दोन्ही वस्तूंचे आकडे एकदम झकास होते.

तेव्हापासून या दोन्ही गोष्टी मी एकाच प्रश्नावर जोखतो: राइडच्या सगळ्यात वाईट अर्ध्या तासात ही वस्तू वापरता येईल का? स्क्रीन किती इंची आणि जॅकेट किती ग्रॅमचं, हे त्यानंतर.

मनगटावरचं घड्याळ की हँडलवरचा कॉम्प्युटर

ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) करणाऱ्याकडे जीपीएस घड्याळ बहुधा असतंच. मग आणखी एक यंत्र कशाला? ऑलिंपिक अंतरात सायकल ४० किलोमीटरची. तेवढ्यासाठी मी घड्याळावरच भागवा म्हणेन. वेग, वेळ आणि हृदयाचे ठोके पाहायला ते पुरतं. आयर्नमॅन ७०.३ मध्ये, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनमध्ये, ९० किलोमीटर आणि पूर्ण आयर्नमॅनमध्ये १८० किलोमीटर येतात, तिथे मात्र हिशेब बदलतो. एरोबारवर (वाकून बसण्यासाठी हँडलला पुढे लावलेले दांडे) कोपर टेकवून बसलं की मनगट वळलेलं असतं आणि घड्याळाची तबकडी भलतीकडे बघत असते. ती पाहायला हात उचलावा लागतो, हात उचलला की सायकल डोलते. पाच तासांत हे शंभरदा करायचं का, हा प्रश्न आहे. दोन एरोबारांच्या मधल्या माऊंटवर कॉम्प्युटर असेल तर मान न हलवता नुसती नजर खाली गेली की काम झालं.

मधला मार्गही आहे. गार्मिनच्या बऱ्याच मल्टिस्पोर्ट घड्याळांत ‘एक्स्टेंडेड डिस्प्ले’ नावाची सोय असते. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्हींची नोंद घड्याळच करतं आणि सायकलवर असताना तेच आकडे गार्मिनच्याच ‘एज’ सायकल कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतात. त्यामुळे फाइल एकच राहते आणि ट्रान्झिशनमध्ये (एक खेळ संपवून दुसरा सुरू करायच्या जागी) दोन बटणं दाबायची आठवण ठेवावी लागत नाही. स्पर्धेच्या सकाळी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सायकल रॅकवर लावून कॉम्प्युटर चालू करून ठेवला, तर आपण पोहून येईपर्यंत तो झोपलेला असतो. आपोआप बंद होण्याची सेटिंग आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

बटण, टच आणि पडदा

गार्मिन एज ५४० आणि ८४० या २०२३ च्या जोडीइतकी सरळ तुलना दुसरी नाही. आतून दोन्ही जवळपास सारखेच. ५४० ला फक्त बटणं, ८४० ला बटणं आणि टच दोन्ही. नकाशा सरकवून पुढचा रस्ता शोधायचा असेल तर टच फार सोपा, बटणांनी तेच करणं म्हणजे शिक्षा. पण पावसात आणि जाड हातमोज्यांत बटणच कामाला येतं. आधीच आखलेल्या रस्त्यावर जाणाऱ्याला ५४० पुरे. वाटेत रस्ता बदलायची सवय असेल तर ८४०. नुसत्या टचवर सगळी भिस्त असलेलं यंत्र मी पुन्हा घेणार नाही. कारण वर सांगितलंच.

वाहू कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या एलिमेंट बोल्टमध्ये, म्हणजे २०२१ च्या, नुसती बटणं आहेत आणि सगळी मांडणी फोनच्या ॲपवर बसून करायची. तंत्रज्ञानाचा कंटाळा असणाऱ्यांना मी हाच दाखवतो. त्यातली एक छोटी गोष्ट फार हुशारीची आहे: एका बटणाने पानावरचे रकाने कमी होऊन आकडे मोठे होतात. चाळिशी लागलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. हॅमरहेडच्या २०२४ च्या कारूचा ३.२ इंची पडदा या सगळ्यांत देखणा, जवळजवळ फोनसारखा, आणि रस्ता आधी टाकलेला नसला तरी पुढचा चढ ओळखून किती उरला ते तो दाखवतो. अनोळखी डोंगराळ भागात एकदा याची सवय लागली की सुटत नाही.

पण देखणा पडदा बॅटरी खातो. गार्मिनच्याच घरातलं उदाहरण घ्या. एज १०४० साठी कंपनी ३५ तासांचा दावा करते. २०२४ मध्ये आलेल्या १०५० चा पडदा कितीतरी उजळ आणि रंगीत, दावा मात्र २० तासांचा. बोल्ट १५ तास, ५४० आणि ८४० २६ तास. दुसऱ्या टोकाला सौर पट्टीचा कोरोस ड्युरा, १२० तासांचा दावा करणारा. हे सगळे दावे चांगल्या परिस्थितीतले. नकाशा, मार्गदर्शन, चार-पाच सेन्सर आणि उजळ पडदा एकदम चालू असताना त्यातून घसघशीत वजावट धरायची.

ही तुलना तुमच्या अंतराशी लावून पाहा. आयर्नमॅनची एकूण मुदत बहुतेक ठिकाणी १७ तास आणि त्यातली सायकल त्याहून बरीच कमी, म्हणजे वरचं कोणतंही यंत्र चालेल. ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत लांब अंतर सायकलने पार करायचं) करणाऱ्यांचं तसं नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरला जास्तीत जास्त ९०. तिथे १५ तासांचं यंत्र घेतलं तर पॉवर बँक आणि वायर सोबत आलीच. मग भर पावसात चार्जिंगचं भोक उघडं ठेवून चालवता येतं का, हा प्रश्न पडद्याच्या रंगांपेक्षा मोठा ठरतो.

आकडे खरे की खोटे

वेग आणि अंतर जीपीएसवरून घेणं बहुतेकांना पुरतं. बोगदा आणि दाट झाडीत मात्र आकडा अडखळतो. तिथे चाकाच्या हबवरचा स्पीड सेन्सर कामी येतो, पण त्याला चाकाचा घेर बरोबर सांगावा लागतो. तक्त्यात ७०० × २५ च्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर आणि ७०० × २८ चा २१३६ दिलेला असतो. टायर बदलला आणि आकडा तसाच राहिला, तर ९० किलोमीटरच्या शर्यतीत तुमचं यंत्र ८८.७ दाखवेल आणि तुम्ही आयोजकांच्या नावाने बोटं मोडाल.

चढाची टक्केवारी हवी असेल तर हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असलेलंच यंत्र घ्या. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि इतका बारीक फरक हा सेन्सर पकडतो. मेख अशी की वादळ येताना दाब आपोआपच उतरतो. पाच हेक्टोपास्कल उतरला की तुम्ही जागेवर उभे राहूनही ४० मीटर ‘चढलेले’ असता. सेन्सरच्या बारीक भोकात पाणी बसलं तर सपाट रस्त्यावरही सात टक्के चढ दिसतो. यंत्र बिघडलं असं समजू नका, भोक वाळू द्या.

पॉवर मीटर (पॅडलवरची ताकद मोजणारा सेन्सर) आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यांसाठी अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही बिनतारी पद्धती असलेलं यंत्र घ्या. अँट प्लसचा सेन्सर एकाच वेळी घड्याळाला आणि कॉम्प्युटरला आकडे देऊ शकतो. ब्लूटूथचे काही सेन्सर एका यंत्राशी जोडले की दुसऱ्याला ओळखच देत नाहीत.

जॅकेट: वारा अडवायचा की पाणी

इथे लोक सर्वाधिक फसतात, कारण एकच जॅकेट सगळं करेल अशी आशा असते. आधी थोडं गणित. पॅडलवर २०० वॅट येत असतात तेव्हा शरीर साधारण ९०० वॅट जाळत असतं. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे जवळपास ७०० वॅटचा हीटर तुम्ही जॅकेटच्या आत घेऊन फिरता. वारा अडवल्यावर ही उष्णता मुख्यतः घामानेच बाहेर जायची. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातो, म्हणजे जोरात चालवताना तासाला लिटरभर घाम धरा.

आता लेबलवरचा आकडा. ‘ब्रीदेबिलिटी २०,०००’ म्हणजे एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत २०,००० ग्रॅम वाफ जाते. तासाला झाले ८३३ ग्रॅम, तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. १०,००० असेल तर ४१७. थोडक्यात, लेबलवर काहीही लिहिलेलं असो, चढावर रेनजॅकेट बंद ठेवलं तर तुम्ही आतून भिजणारच. म्हणून मी कापडाच्या आकड्याआधी चेन पाहतो. ती दोन्ही बाजूंनी उघडते का? काखेत किंवा पाठीवर झडप आहे का? एका हाताने, सायकल चालवताना गळ्यापर्यंत वरखाली होते का?

आता जोड्या. बिनबाह्यांचा गिले विरुद्ध पूर्ण बाह्यांचं विंडचीटर: दोन्ही साधारण ५० ते १२० ग्रॅमचे, मुठीएवढे होऊन जर्सीच्या मागच्या खिशात बसतात. कोरड्या थंडीसाठी मी गिलेच्या बाजूचा. थंडी छातीला लागते, हात थोडे गार पडले तरी चालतं, आणि घाम बाह्यांतून निघून जातो. लांब उतार असेल तर मात्र पूर्ण बाह्या हव्यात. १० अंश तापमानात ताशी ५० च्या वाऱ्याचा गारवा विंडचिलच्या (वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या) सूत्राने साडेपाच अंशांसारखा लागतो, आणि हे कोरड्या अंगाचं झालं. चढावर भिजून लगेच उतारावर सुटलेल्या माणसाची कुडकुड या सूत्रात बसत नाही.

विंडचीटर विरुद्ध रेनजॅकेट: पातळ नायलॉनवर पाणी झटकणारा लेप असतो. तो रिमझिमीला वीस मिनिटं तोंड देतो, मग पाणी शिवणीतून आत येतं. खरं रेनजॅकेट ओळखायचं ते आतून शिवणीवर चिकटवलेल्या पट्टीवरून. ती नसेल तर १०,००० मिलिमीटरचा वॉटरप्रूफ आकडा (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो) फक्त कापडाचा, जॅकेटचा नव्हे. बरीच वर्षं गोर कंपनीच्या शेकड्राय कापडाने ही भांडणं मिटवली होती. पाणी अडवणारा पडदाच बाहेरच्या बाजूला, वर कापड नाही, त्यामुळे भिजून जड व्हायला काही उरतच नाही. झटकलं की कोरडं. मात्र पाठपिशवीच्या पट्ट्यांनी ते घासून फाटायचं, आणि फ्लोरीनवाली रसायनं बंद करण्याच्या ओघात गोरने ते थांबवलं. कुणी जुनं विकत असेल तर खांद्याजवळचा भाग उजेडात धरून पाहा.

तिसरी जात म्हणजे अंगाला घट्ट बसणारं, वारा अडवणारं, पाऊस बऱ्यापैकी सोसणारं सॉफ्टशेल. कास्तेल्ली कंपनीचं ‘गाबा’ याचं मूळ. नाव नॉर्वेचा सायकलपटू गाब्रिएल राश याच्यावरून. २०१३ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत बर्फ पडला, मधला टप्पा रद्द करून सायकलपटूंना बसने पुढे नेलं, आणि दुसऱ्या कंपन्यांशी करार असलेल्यांनीही लोगो काळा करून हेच जॅकेट घातलं. ते खिशात मावत नाही, घालूनच निघावं लागतं. पण दिवसभर गार आणि ओलं राहणार हे आधीच माहीत असेल तर खिशातल्या कुठल्याही जॅकेटपेक्षा मी हेच घेईन. ते फडफडत नाही, आणि ताशी ३५ ला फडफडणारी बाही म्हणजे पाठीमागे बांधलेली छत्रीच.

ट्रायथलॉनमध्ये आणखी एक भानगड. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या हातावर पातळ नायलॉनची बाही चढत नाही. ती कोपरापाशी गुंडाळी होऊन अडकते आणि आपण ट्रान्झिशनमध्ये एका हाताने कोल्हाट्यासारखे नाचतो. गिले पाच सेकंदांत अंगावर येतो. बाह्या हव्याच असतील तर जॅकेटपेक्षा गिले आणि सुटे आर्म वॉर्मर बरे. ते अंग वाळल्यावर, चालत्या सायकलवरही चढवता येतात. नंबर पाठीवर दिसायलाच हवा, असा नियम असेल तर पारदर्शक जॅकेट घ्या किंवा नंबरचा पट्टा जॅकेटवरून बांधा.

दोन्हींसाठी एकदम पैसे नसतील तर आधी गिले, मग साधा बटणांचा कॉम्प्युटर, आणि शिवणीवर पट्टी असलेलं रेनजॅकेट तिसरं. घेण्याआधी जॅकेट घालून खुर्चीवर बसा, हात पुढे टाकून एरोबारची स्थिती घ्या. मनगट उघडं पडतंय का, पाठ वर सरकतेय का, गळ्याशी कापडाचा फुगा येतोय का, ते पाहा. उभ्याने आरशात झकास दिसणारं जॅकेट इथे नापास होतं. कॉम्प्युटरसाठी नळाखाली बोट ओलं करा, हातमोजा चढवा आणि पान बदलतंय का ते पाहा.