स्क्रीनवर बँकेचंच नाव होतं

२०२४ चा एप्रिल. देवगडात तेव्हा कुणाला उसंत नसते. पडवीत पेंढा पसरून पेट्या भरत होतो, तेवढ्यात बायको फोन घेऊन आली. "अहो, बँकेचो फोन इलो." स्क्रीनवर ‘बँक देवगड’. शाखेचा लँडलाइन नंबर मीच कधीतरी त्या नावाने सेव्ह केला होता.

"आंब्याचे पैसे यायचेत ना? केवायसीमुळे अडकलेत." एप्रिलात देवगडात कुणालाही विचारा, उत्तर ‘हो’च येणार. मला मात्र वाटलं, माझं खातंच याच्यासमोर उघडं आहे. बोलणं घाटावरचं होतं, पण आमच्या शाखेतले साहेबही घाटावरचेच. ओटीपी दोनदा आला, दोनदा वाचून दाखवला. ४८,००० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी शाखेत भांडायलाच गेलो. साहेबांनी काही न बोलता टेबलावरचा रिसीव्हर माझ्या कानाला लावला. लाइन मुकी. रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून चार दिवस झाले होते.

मग तो नंबर आला कुठून? भाच्याने समजावलं. इंटरनेटवरून फोन लावताना ‘कोणाचा नंबर दाखवायचा’ हे लावणाराच भरू शकतो. पत्राच्या पाठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही लिहावा, तसं. जुनी टेलिफोन एक्सचेंजं आलेला नंबर खरा धरूनच पुढे ढकलतात. माझ्या मोबाइलने तो नंबर यादीत शोधला आणि मीच दिलेलं नाव मला दाखवलं!

अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावर कॉलला, दाखवलेला नंबर कितपत खरा हे सांगणारी डिजिटल सही जोडावी लागते. वाटेत जुनं एक्सचेंज आलं की ती सही गळते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये, परदेशातून भारतीय नंबर लावून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा आली. माझ्या पेट्या तोवर वाशीला विकूनही झाल्या होत्या.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच रात्री फोन करायला हवा होता. लाजेपायी सकाळ केली, म्हणून ९,००० च अडवता आले. संशयास्पद कॉल आलाच, तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीतून कळवता येतो. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत.

परवा शाखेतून खरोखरच फोन आला. मी कट केला आणि पासबुकावरचा नंबर स्वतः लावला. साहेब वैतागले, "अहो, मीच बोलत होतो!"

"असाल," म्हटलं, "आता बोला."