रेनडिअर लायकेन की आइसलँड मॉस?

दोन्ही लायकेनच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. रेनडिअर लायकेन राखाडी-पांढरे, पोकळ फांद्यांचे; हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर तेच खातात. आइसलँड मॉसच्या तपकिरी, पानासारख्या पट्ट्यांना काटेरी कडा असतात. माणसाच्या उपयोगाला मात्र हेच सरस. त्यातल्या लायकेनिन या पिष्टासारख्या पदार्थामुळे काढा गार झाला की जेलीसारखा घट्ट होतो आणि खवखवत्या घशाला आराम पडतो. चव कडूजहर, म्हणून आधी भिजवून ते पाणी फेकतात.

लागवडीत रेनडिअर लायकेन पुढे: चराईने उजाड झालेल्या कुरणांवर त्याचे तुकडे विखुरले की ते तिथेच वाढू लागतात. पण वाढ वर्षाला जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर! घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. आइसलँड मॉस तर आजही मुख्यतः रानातूनच गोळा होते.