‘अस्सल म्हशीचं’ म्हणून विकलेला पुठ्ठा

पोळ्याच्या बाजारात वेसण, कासरे, घुंगुरमाळा विकणाऱ्यांकडेच कुत्र्याच्या पट्ट्याचं सामानही मिळतं. पट्टी, बक्कल आणि कडी घ्यायची आणि घरी शिवायचं, हा विचार चांगलाच. गंडवागंडवी होते ती या सामानात.

विकणारा आधी काडी पेटवतो. हातातल्या तुकड्याची कड जाळून दाखवतो, केस जळल्यासारखा वास येतो. मग “घ्या ना भाऊ, अस्सल म्हशीचं हाये, पावसात बी काई होत नाई,” म्हणत गठ्ठ्यातली दुसरीच पट्टी कापून देतो. ती असते चामड्याचा भुगा चिकात थापून केलेली, वर प्लास्टिकचा थर. गंमत अशी की भुग्यालाही तोच वास येतो, त्यामुळे वासाची परीक्षा मुळातच कुचकामी. श्रावणातल्या अमावास्येला घेतलेली ही पट्टी भाद्रपदाच्या पावसात फुगते, थर सुटतात आणि छिद्रापाशी फाटते.

कड कधीच बघू नका, ती काळ्या रंगाने झाकलेली असते. टोक रापीने, म्हणजे मोच्याच्या सुरीने, ताजं कापून घ्या. खऱ्या चामड्यात एकमेकांत गुंतलेले लांब तंतू दिसतात. खालून कापड दिसलं तर ते रेक्झिन. मग त्या टोकाची करंगळीपेक्षा बारीक चिंधी काढून दोन्ही हातांनी ओढा. भुग्याची चिंधी पुठ्ठ्यासारखी तुटते, तीन-चार मिलिमीटर जाडीचं चामडं हाताने तुटत नाही. कापू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

‘पितळी’ बक्कलावर लोक लोहचुंबक लावतात. लोखंडावर मुलामा असेल तर ते चिकटतं, एवढं खरं. पण जस्ताच्या ओतीव बक्कलालाही चुंबक चिकटत नाही, आणि हल्ली फसवतात ते त्यातच. कानशीने आतल्या बाजूला एक घास मारा. पितळ आतही पिवळंच निघतं, जस्त पांढुरकं करडं दिसतं. जस्ताचं बक्कल वाकत नाही, झटक्याने सरळ मोडतं. कडीचा जोडही नखाने चाचपा. दोन टोकं नुसती भिडवलेली असतील तर कुत्र्याने हिसका दिला की कडी उघडते. जोड वेल्डिंगने भरलेलाच हवा, तार चार मिलिमीटरची.

चामडं परवडत नसेल तर नायलॉनची नवार चालते. तिच्या नावाखाली पॉलीप्रॉपिलीनची देतात, आणि आपल्याकडच्या उन्हात ती लवकर ठिसूळ होते. चार धागे उसवून साबणाच्या पाण्यात चोळा, हवा निघू द्या. नायलॉन बुडतं, पॉलीप्रॉपिलीन तरंगतं.

आता शिवणं. सुतळीने मान मोजा, दोन बोटं सैल ठेवून. माप सोळा इंच आलं तर एक इंच रुंदीची पट्टी पंचवीस इंच कापा. तीन इंच बक्कलाच्या घडीला, सहा शेपटाला. घडीच्या रेषेवर बक्कलाच्या जिभेसाठी पाऊण इंचाची खाच पाडा, पण आधी दोन्ही टोकांना गोल छिद्रं मारा, नाहीतर खाच तिथूनच फाटत जाते. घडीचं टोक रापीने पातळ करा, कडी घडीतच अडकवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाके घाला. टाका मोच्याचा, दोन सुयांचा, मेण लावलेल्या दोऱ्याने. मशिनच्या शिलाईत एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. मोच्याच्या टाक्यात एक तुटला तरी दुसऱ्या सुईचा दोरा धरून ठेवतो. मधलं छिद्र घडीपासून सोळा इंचांवर, त्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक इंचावर दोन-दोन.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत बिबट्यापासून कुत्र्याची मान वाचवायला खिळ्यांचा पट्टा मागतात. विकले जातात ते खिळे बरेचदा नुसते चिकटवलेले. घरी करायचा तर पट्टी दोन इंच रुंद घ्या, खिळ्याच्या डोक्याखाली रुंद वायसर घाला आणि आतून चामड्याचं अस्तर शिवा, नाहीतर खिळ्याची डोकी कुत्र्याचीच मान सोलतात. बिबट्या पोटालाही धरू शकतो, म्हणून रात्री कुत्रं घरात किंवा बंद गोठ्यात घ्या. उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलं असेल तर पावती आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915. ‘पैसे परत करतो, कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर स्कॅन करू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. आठवडी बाजारात पावती कोणी देत नाही, तिथे कानस आणि रापीच कामाची.

तयार पट्ट्याला जवसाचं तेल लावू नका. ते वाळून कडक होतं आणि चामडं तडकतं. एरंडेल चालतं, पण पातळ हात द्या आणि रात्रभर मुरू द्या. जास्त झालं तर कुत्रं चाटतं आणि त्याला ढाळ लागते.