ओव्हनचा रॉड घेतला ७७० ला, पडला ४९ हजाराला

आधीच सांगतो, ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. हे पहिलं लिहायलो कारण आतापर्यंत ज्याला ज्याला खात्यातून पैसे गेल्याचं सांगितलं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, "ओटीपी दिलास ना?" नाही दिला. डिप्लोमा केलेला माणूस आहे मी, घरातला मिक्सर, इस्त्री, कूलरचा पंप सगळं मीच खोलतो मीच बसवतो, आणि खरं सांगायचं तर त्याच गुर्मीत फसलो.

तर झालं असं. आम्ही लातूरचे. बायको घरून केक करून देते. इथं ट्युशनला बाहेरगावची पोरं पोरी किती असतात ते माहितीच आहे, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस रोज असतोच, आणि रात्री बाराला होस्टेलवर अर्ध्या किलोचा केक लागतोच. त्यावर तिचा धंदा बरा चालायलाय. ओव्हन म्हणजे ओटीजी, वरखाली रॉड तापून भाजणारा, २८ लिटरचा, पाच वर्षं झाली घेऊन. जुलैत एक दिवस केक खालून करपला आणि वरून पांढरा फटक, बोट लावलं तर ओलाच. ती म्हणाली, "अहो, वरचे रॉड लालच होईनात."

मी लगेच पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. (हे ओटीजीचं सांगायलो बरं का, मायक्रोवेव्ह असला तर कृपा करून घरी उघडू नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरसुद्धा चार्ज धरून बसतो, माणूस मरतो त्यानं.) प्लग काढला, तासभर थंड होऊ दिला, बाजूचं आणि मागचं पत्र्याचं कव्हर काढलं. आतमध्ये वर दोन रॉड, खाली दोन. आता गंमत अशी की वरचे दोन्ही एकदम बंद होते, म्हणून मला आधी वाटलं सिलेक्टर स्विच, म्हणजे वरचे का खालचे रॉड चालू करायचे ते ठरवणारं बटण, गेला. पण वायरी बघितल्या तर वरचे दोन्ही रॉड सिरीजमध्ये जोडलेले. म्हणजे एक तुटला की दुसरापण मुका, जुन्या दिवाळीच्या लायटिंगच्या माळेसारखं. दोन्हीच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला, २०० च्या रेंजवर, एक रॉड ३५ ओहम (ओहम म्हणजे तार करंटला किती अडवते त्याचं माप) दाखवायला आणि दुसरा नुसता "१". म्हणजे आतली तार तुटलेली.

हिशोबपण जुळला. मागच्या पाटीवर १५०० वॉट, २३० व्होल्ट. वरची जोडी निम्मी म्हणजे ७५०. २३० चा वर्ग भागिले ७५० म्हणजे साधारण ७० ओहम, दोन रॉडचे ३५-३५. मी इतका खूश झालो म्हणून सांगू, कागदावर मांडून बायकोला दाखवलं. तिनं "बरं मग कधी चालू होईल" एवढंच विचारलं.

आता चूक नंबर एक. ओव्हनचं पुस्तक कपाटात होतं, शेवटच्या पानावर कंपनीचा टोल फ्री नंबर छापलेला होता. ते कोण काढणार, मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून पुढं सर्व्हिस सेंटर लातूर असं शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वर बारीक अक्षरात जाहिरात असल्याचं लिहिलेलं होतं हे आता दिसतंय. तवा दिसलं नाही.

फोन उचलणारा पोरगा हिंदीत बोलायला, मधी मधी मोडकं मराठी. आणि इथंच लक्ष द्या, कारण सगळे सांगतात स्वस्ताला भुलू नका, घाई करणाऱ्याला भुलू नका. ह्यानं घाई केली नाही आणि स्वस्तपण सांगितलं नाही. ह्यानं मला प्रश्न विचारले. मॉडेल नंबर काय, वरचा रॉड का खालचा, दोन्ही टोकांमधलं अंतर किती, टोकाला स्क्रू आहे का चपटी पत्ती, "सर नापके बताइए, मैं होल्ड करता हूं." मी टेप घेऊन मोजेपर्यंत खरंच थांबला बिचारा. मग मी त्याला ३५ ओहमचं सांगितलं तर म्हणतो, "सर आप इंजिनियर हैं क्या? इतना तो हमारे टेक्निशियन भी चेक नहीं करते." बस्स. गडी खल्लास. बायकोनं जे कौतुक केलं नाही ते ह्यानं केलं.

रॉड ६८० चा, कुरियर ९०, ओरिजिनल, सहा महिने वॉरंटी. पैसे पाठवायला नंबर दिला तो कुणा माणसाच्या नावावर, कंपनीचं नाव कुठंच नाही. मी विचारलं बरं का, तेवढा शहाणपणा होता. म्हणाला अकाउंटवाल्या सरांचं खातं आहे, कंपनीचं यूपीआय आज डाऊन आहे. मी पाठवले ७७०.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. सहा दिवस बायकोनं शेजारणीच्या ओव्हनवर ऑर्डरी काढल्या, त्याचं ऐकून घेतलं ते वेगळंच. डब्यावर कंपनीच्या नावाचं स्टिकर, थोडं वाकडं लागलेलं. नखानं कोपरा उचलला तर खाली दुसरं स्टिकर, कुठल्या तरी भलत्याच मालाचं. तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण रॉड लांबीला बरोबर होता, टोकंपण बरोबर, म्हणलं बसवून तर बघू. आणि बसवायच्या आधी मीटर लावला नाही. का नाही लावला देव जाणे, जुना तुटलेला दहा वेळा मोजला आणि नवा एकदाबी नाही.

चालू केला. दोन मिनिटांनी नवा रॉड मंद लाल व्हायला लागला. जुना, चांगला असलेला, काळाच्या काळाच. हात जवळ नेला तर कोमट. म्हणलं आता हा पण गेला का? पुन्हा सगळं बंद, थंड, खोलाखोली. नवा रॉड मोजला तर ८८ ओहम! म्हणजे तो पूर्ण २३० वर एकटा चालणारा, ६०० वॉटचा रॉड. माझ्या ३५ वाल्याच्या जोडीला सिरीजमध्ये बसवला तर दोघं मिळून १२३ ओहम, करंट दोन अँपियरच्या आत, ७५० वॉटच्या जागी जेमतेम ४३० निघायले आणि त्यातले तीनशे एकटा नवाच खायलाय. केक वरून भाजणार कशानं? लांबी मोजून घेतली पठ्ठ्यानं, ओहम मी स्वतः सांगितले, आणि पाठवला हाताला लागला तो.

इथपर्यंत नुकसान ७७० चं. इथं सोडलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला त्याला दाखवून द्यायचं होतं की मी पकडलं. रविवारी सकाळी फोन लावला, ८८ ओहमचं सगळं ऐकवलं. भांडणच नाही हो! "बिलकुल सही पकड़ा सर, गोदाम से गलती हुई, पूरा रिफंड होगा, रॉड भी आप रख लीजिए." एवढा गोड. म्हणाला रिटर्न फॉर्म पाठवतो तेवढा भरा. व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, नावात रिटर्न फॉर्म आणि शेवटी डॉट एपीके. फॉर्म म्हणजे पीडीएफ असतो, एपीके म्हणजे आख्खं ॲप असतं हे मला माहितीये, रोज पोरांना सांगतो. मोबाईलनंपण लाल अक्षरात सांगितलं की हे अनोळखी ठिकाणचं आहे. मी "तरीही टाका" दाबलं. मग त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली. दिली. वर कंपनीचा लोगो हुबेहूब, नाव, पत्ता, बिल नंबर, आणि शेवटी "रिफंडसाठी कार्ड व्हेरिफाय करा, १ रुपया", तिथं डेबिट कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. भरलं. भरलं म्हणजे भरलं, आता काय लपवू.

गोल गोल फिरत राहिलं, "प्रोसेसिंग, २४ घंटे". मी म्हणलं रविवार आहे, फोन सायलेंटवर टाकून जेवून झोपलो.

संध्याकाळी दोघं व्हिपिंग क्रीम आणायला गेलो, ७४० बिल झालं, स्कॅन केलं, पेमेंट फेल. बॅलन्स कमी. दुकानदार म्हणाला नेटवर्क असंल, परत करा. परत फेल. मग मेसेज उघडले. दुपारी २:१० ला १९,९९९. २:१३ ला १९,९९९. २:२१ ला ८,५००. आणि त्या प्रत्येकाच्या आधी एकेक ओटीपी आलेला, मी झोपेत असताना. मी कुणाला सांगायची गरजच नव्हती, त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मीच दिलेली, ते इकडून आला की तिकडं पाठवायलंय. म्हणून म्हणतो, "ओटीपी सांगू नका" एवढ्यानं आता भागत नाही.

दुकानातच पाय गळाले. मेहुण्याला फोन केला, तो कॉम्प्युटरचं काम करतो, तो म्हणाला, "दाजी, तुमचा मोबाईल आधी एरोप्लेन मोडवर टाका आणि ताईच्या फोनवरून १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, मला नंतर सांगा काय झालं ते." शहाणा माणूस. १९३० दुसऱ्या वेळेला लागला. खातं कुठल्या बँकेचं, किती वाजता, किती रक्कम, मेसेजमधला व्यवहाराचा नंबर, एवढं विचारलं आणि तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. मग कार्डच्या मागच्या टोल फ्री नंबरवर कार्ड ब्लॉक. रात्री मेहुण्यानं त्याच्या कॉम्प्युटरवरून सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर सगळी तक्रार भरली, स्क्रीनशॉट जोडले, माझा मोबाईल पूर्ण पुसून नव्यानं चालू केला, पासवर्ड बदलले. ते ॲप नुसतं काढून टाकायलो होतो मी, तो म्हणाला तेवढ्यावर विसंबू नका.

सोमवारी बँकेत. मी रिझर्व्ह बँकेचा नियम वाचून गेलो होतो, २०१७ चा, की तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. साहेबांनी पुढचं वाचून दाखवलं, ते शून्य तेव्हा जेव्हा चूक बाहेरच्या कुणाची असते. कार्डाचा नंबर तुम्हीच भरलाय तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर काही गेलं तर बँकेचं. दुपारी दोन ते संध्याकाळी सात, त्या पाच तासांच्या झोपेची किंमत काढा. पोलीस ठाण्यात सांगितलं की पहिल्या दोन रकमा दोन-तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाल्यासुद्धा, ८,५०० एका खात्यात अडकवलेत, ते सोडवायला कागदपत्रं लागतील. कागद दिलेत. बघू.

ओव्हन तसाच पडलेला. शेवटी जुना आणि नवा दोन्ही रॉड पिशवीत घालून गंजगोलाईत, आमच्या लातूरच्या बाजारपेठेत गेलो. तिथं आतल्या बोळात एक चाचा बसतात, हॉटेलवाल्यांच्या इस्त्र्या, गिझर, सगळं त्यांच्याकडं येतं, भिंतीला रॉडचे जुडगे लटकलेले. दोन्ही रॉड समोर ठेवले. चाचांनी मीटर लावला नाही, आधी वजन करतात तसं हातात तोलले, मग नव्याच्या टोकाला अंगठा घासला, पांढरी भुकटी हाताला लागली. म्हणाले रॉडच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी ठासून भरलेली असते, करंट पत्र्यात उतरू नये म्हणून, आणि टोक नीट सील नसलं की ती हवेतला ओलावा ओढते आणि मग बॉडीला शॉक. "ये तो पूरे दो सौ तीस का है, तुमको आधेवाला होना. और सील बी नै इसकू. पहले इधरीच आना था ना."

जुडग्यातून एक काढला, माझ्यासमोर मोजला, ३६. दोन्ही टोकांपासून नळीपर्यंत मीटर लावून दाखवला, काहीच नाही, म्हणजे बरोबर. १८० रुपये. म्हणलं चाचा अर्थिंग? म्हणाले घरी जाऊन प्लगच्या जाड पिनेपासून ओव्हनच्या पत्र्यापर्यंत मोज, एक ओहमच्या बरंच आत, जवळजवळ शून्य यायला पाहिजे, स्वस्तातल्या मीटरवर थोडं जास्त दाखवेल. घरी येऊन मोजलं, बरोबर आलं. अर्ध्या तासात बसवला. दोन्ही रॉड सारखे लाल. बायकोनं पहिली नानकटाई काढली आणि बशी माझ्यासमोर ठेवून काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता परवाचं ऐका. एक फोन आला, "सायबर डिपार्टमेंट से बोल रहा हूं", माझं नाव माहिती, ४८,४९८ हा आकडापण रुपयासकट माहिती. रक्कम सापडलीय, परत मिळवायला २,१०० फाईल चार्ज भरा. माझा हात थरथरायलाच लागला, आकडा बरोबर सांगायलाय म्हणल्यावर मन ओढ घेतंच. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "भाऊ, सगळं माहितीये ना तुला, मग आमच्या ओव्हनला रॉड किती ओहमचा लागतो ते सांग आधी."

तिकडं एक क्षण शांतता. मग, "मॅडम, कौन सा रॉड?" तिनं फोन कट केला आणि परत ओव्हनकडं गेली, रात्री दोन केक द्यायचे होते.