रक्तातील लघुरेणूंचे मापन: एनएमआर की मास स्पेक्ट्रोमेट्री?

रक्तातील अमिनो आम्ले, शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि मेद अशा लघुरेणूंचे एकत्रित चित्र हवे असेल, तर प्रयोगशाळेपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंमधील अणुकेंद्रकांचे संकेत वाचणारी पद्धत) किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला (द्रवातील रेणू एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या पद्धतीला) जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंना विद्युतभारित करून वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत). निवड करताना बहुतेकांचे लक्ष आधी संवेदनशीलतेकडे जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: त्याच नमुन्याचा आजचा आकडा सहा महिन्यांनीही तोच येईल का?

या कसोटीवर एनएमआर सरस ठरते. प्लाझ्मात, म्हणजे न गोठलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरलेल्या द्रवात, आम्लता स्थिर ठेवणारे बफर मिसळून नळी चुंबकात ठेवली जाते. नमुना यंत्राच्या अंतर्भागाला लागतच नाही, त्यामुळे यंत्र मळत नाही. मात्र त्याला शेकडो मायक्रोलिटर नमुना लागतो आणि साधारण मायक्रोमोलरच्या (लिटरमागे मोलचा दशलक्षांश) खालच्या प्रमाणातले रेणू त्याला दिसत नाहीत. ईडीटीए या गोठणरोधक द्रव्याच्या नळीतले रक्त घेतल्यास आलेखात ईडीटीएचीच शिखरे उमटतात, म्हणून येथे हेपारिन हे दुसरे गोठणरोधक बरे.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला ५० मायक्रोलिटरही पुरतात आणि ती नॅनोमोलरपर्यंत, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागापर्यंत, पोहोचते. थंड मेथॅनॉल तिप्पट-चौपट घालताच नमुना दुधाळ होतो, सेंट्रिफ्यूजनंतर प्रथिने तळाशी बसतात आणि वरचा नितळ द्रव यंत्रात जातो. खरी अडचण याच नितळ द्रवात असते, कारण त्यात उरलेले फॉस्फोलिपिड (फॉस्फेटयुक्त मेद) इतर रेणूंचे आयनीभवन, म्हणजे विद्युतभारित होणे, दाबतात आणि ते जिथे घडते तो आयन-स्रोत हळूहळू मळवतात, त्यामुळे शंभराव्या नमुन्यापर्यंत संकेत घसरलेला असू शकतो. म्हणून समस्थानिक-चिन्हांकित प्रमाणद्रव्ये (तेच रेणू, पण जड अणू घातलेले, तुलनेसाठी) मेथॅनॉलसोबतच घालावीत, नमुन्यांचा क्रम यादृच्छिक ठेवावा, दर पाच ते दहा नमुन्यांनंतर सर्वांचा मिश्र नमुना चालवावा आणि त्यात ३० टक्क्यांहून अधिक हेलकावे खाणारे संकेत निःसंकोच वगळावेत. शिवाय रेणू वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफीचा एक स्तंभ पुरत नाही: मेदांसाठी सी-१८ प्रकारचा, तर ध्रुवीय (पाण्यात सहज विरघळणाऱ्या) रेणूंसाठी हिलिक प्रकारचा लागतो.

हजारो नमुने वर्षानुवर्षे तपासायचे असतील तर मी एनएमआर निवडेन. अल्प प्रमाणातील रेणूंचा शोध असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीला पर्याय नाही, पण वरची शिस्त पाळण्याइतके मनुष्यबळ हाताशी हवे.

रक्त काढतानाची चूक मात्र दोन्ही यंत्रे निमूटपणे मोजतात. न वेगळे केलेले रक्त खोलीच्या तापमानाला राहिले, तर पेशी ग्लुकोज खात राहतात, ते तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि लॅक्टेट वाढते. सीरमसाठी, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवासाठी, रक्त गोठेपर्यंत अर्धा तास थांबावे लागते, त्या वेळात हे बदल चालूच राहतात आणि प्लेटलेटमधील द्रव्येही त्यात उतरतात. म्हणून मी प्लाझ्मा सुचवेन, नळी लगेच बर्फात ठेवून आणि वेगळा केलेला प्लाझ्मा उणे ८० अंशांवर छोट्या कुप्यांत विभागून साठवून, म्हणजे कोणताही नमुना दुसऱ्यांदा वितळवावा लागणार नाही.